इन्तायोन... चला, निघू या!

फिलिपिन्सच्या उत्तरेला इलोकोस नावाचा एक चिंचोळा किनारा आहे. तिथं फिरताना नकाशाइतकेच कामाला आले ते पंधरा-वीस इलोकानो शब्द. आणि त्यातले निम्मे तर आपल्याच घरातले वाटले...

फिलिपिन्स म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? बोराकायची पांढरी वाळू, पालावानचं हिरवं-निळं पाणी आणि ऑफिसातल्या कुणीतरी टाकलेले हनिमूनचे फोटो! मी मात्र मनिलाहून उलट दिशेची, उत्तरेला जाणारी रात्रीची बस पकडली. साधारण चारशे किलोमीटर. पहाटे डोळे उघडले तेव्हा एका बाजूला डोंगरांची भिंत होती, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधल्या जेमतेम पट्टीत भाताची शेतं. क्षणभर वाटलं, झोपेत चुकून कोकणात उतरलो की काय!

हे इलोकोस. इथली राणी म्हणजे विगान. स्पॅनिश काळातल्या घरांचं, दगडी फरसबंदीच्या रस्त्यांचं आणि टांग्यांचं हे शहर १९९९ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. क्रिसोलोगो रस्त्यावर संध्याकाळी दिवे लागले की सगळे पर्यटक फोटोला उभे राहतात. मीही राहिले. पण खरी गंमत त्या रस्त्याच्या दोन गल्ल्या पलीकडे होती. तिथं माणसं इलोकानो बोलत होती.

देशात पावणेदोनशेच्या आसपास भाषा आहेत. इलोकानो ही त्यातल्या मोठ्या भाषांपैकी एक. टागालोगची बोली वगैरे नव्हे, स्वतंत्र भाषा. तुम्ही म्हणाल, फिलिपिन्समध्ये तर सगळ्यांना इंग्रजी येतं, मग ही उठाठेव कशाला? बरोबर आहे. इंग्रजी बोललात तर रूम मिळते, जेवण मिळतं, सुटे पैसे चोख मिळतात. पण इलोकानोचे दोन शब्द टाकलेत ना, की बसायला स्टूल मिळतं. आणि स्टूल मिळालं की गप्पा सुरू!

शाळेतला 'ङ' अखेर कामी आला!

क, ख, ग, घ, ङ. आपण सगळ्यांनी पाठ केलं. पुढे तो शेवटचा ङ भेटला तो फक्त 'वाङ्मया'त. त्यानं सुरू होणारा एकही शब्द आपल्याला आठवत नाही. इलोकानोत मात्र तो शब्दाच्या तोंडावरच उभा असतो. 'ङेम' म्हणजे 'पण'. 'ङिना' म्हणजे किंमत. बरोबरच्या युरोपियन पर्यटकांची जीभ इथं अडकत होती आणि आपलं मराठी बालपण सुसाट निघालं होतं. थँक यू, पहिलीच्या बाई!

सुरुवात नमस्कारानं. सकाळी 'नाइंबाग आ बिगात', दुपारनंतर 'नाइंबाग आ मालेम', रात्री 'नाइंबाग आ राबिई'. 'नाइंबाग' म्हणजे चांगलं, शुभ. समोरचा वयानं मोठा असेल, दुकानदार, पाद्री किंवा सरकारी साहेब असेल, तर शेवटी 'आपो' जोडायचं. 'आपो' म्हणजे आपल्या 'अहो', 'साहेब' आणि 'आजोबा' यांचं मिश्रण. देवालाही आपो, आजोबांनाही आपो. 'हो' म्हणायचं असेल तर 'वेन', आणि अदबीनं म्हणायचं तर 'वेन, आपो'. 'नाही'ला 'साआन'.

अनोळखी माणसाला नावानं हाक मारायची पद्धत नाही. थोडा मोठा पुरुष दिसला की 'मानोंग', बाई दिसली की 'मानांग', आणि लहान कुणी असेल तर 'आदिंग'. झालं, दादा, ताई आणि बाळा! आपल्याकडे रिक्षावाल्याला 'दादा' आणि भाजीवालीला 'मावशी' म्हणतो ना, तोच फंडा.

कुठं निघालात?

गल्लीतून जाताना ओट्यावर बसलेल्या बायका विचारायच्या, 'पापानाम?' म्हणजे 'कुठं निघालीस?' परत येताना त्याच बायका, 'नाग्गापुआम?' म्हणजे 'कुठून आलीस?' हा चौकशी आयोग नव्हे, हा नमस्कार आहे. उत्तर म्हणून पूर्ण पत्ता द्यायचा नसतो. 'दिता लाएंग', म्हणजे 'असंच, इथंच', एवढं म्हणून हसायचं. आपल्याकडे निघणाऱ्याला 'कुठं?' विचारलं की आजी डोळे वटारते, काम होत नाही म्हणून. तिथं न विचारणं हाच शिष्टाचाराचा भंग!

दुसरा ठरलेला प्रश्न: 'नाङानकान?' जेवलीस का? 'माङान' म्हणजे जेवणं. त्यातल्या म चा न केला की 'नाङान', जेवून झालं. एका अक्षरात भूतकाळ! आणि तुम्ही 'अजून नाही' असा चेहरा केलात, की पुढचं वाक्य येतंच: 'माङान तायोन!' चला, जेवू या.

या 'तायोन'पाशी मी थबकले. कारण त्यात 'तायो' आहे. 'तायो' म्हणजे 'आपण'. 'आम्ही' नव्हे, 'आपण'! इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. त्यामुळे परदेशी मित्राला 'आपण' आणि 'आम्ही' यातला फरक समजावताना आपली दमछाक होते. इलोकानोला तो फरक जन्मापासून ठाऊक आहे. ऐकणारा धरून असेल तर 'तायो', त्याला वगळून असेल तर 'कामी'. 'माङान तायो' म्हटलं की ताटात तुमचाही वाटा आला.

आणि ही भाषा आपल्याही एक पाऊल पुढे जाते. फक्त आपण दोघं, तू आणि मी, तिसरं कुणी नाही, यासाठी वेगळा प्रत्यय आहे: 'ता'. 'माङान ता' म्हणजे आपण दोघंच जेवू या. 'इन्तान' म्हणजे चल, आपण दोघं निघू. ऑफिसच्या ग्रुपमध्ये 'लंचला जाऊ या' म्हटल्यावर अख्खं डिपार्टमेंट मागे येतं, तेव्हा हा 'ता' मराठीत असता तर किती सोय झाली असती!

प्रेमाचं वाक्य तर याहून भन्नाट आहे. 'आय-आयातेनका.' 'आयात' म्हणजे प्रेम. शेवटच्या 'का'मध्ये 'मी' आणि 'तू' दोघं एकाच अक्षरात बसलेत. 'मी'साठी वेगळा शब्द नाही, 'तू'साठी वेगळा शब्द नाही. व्हॅलेंटाइन्स डेच्या कार्डवाल्यांनी नोंद घ्यावी.

महाग, मोलाचं आणि काटकसरीचं

विगानच्या बाजारात दोन गोष्टी घ्यायच्याच. 'आबेल' हे हातमागाचं जाड सुती कापड, आणि 'बुर्नाय' या भाजलेल्या मातीच्या बरण्या. आबेलमध्ये 'बिनाकोल' नावाची वीण असते. चौकोन असे काही वाकवलेले, की कापड भोवऱ्यासारखं फिरतंय असं वाटतं. वाईट शक्तींना ते बघून गरगरावं आणि त्यांनी वाट चुकावी, ही जुनी समजूत. इलोकोस नॉर्तेमधल्या पिनिली गावच्या माग्दालेना गामायो या विणकर आजींना २०१२ साली 'राष्ट्रीय जिवंत ठेवा' हा सन्मान मिळाला.

किंमत विचारायची 'मानो?' म्हणून. उत्तर बहुधा स्पॅनिश आकड्यांत येतं, कारण पैशांचा हिशेब स्पॅनिशमध्ये आणि बाकीची मोजणी इलोकानोत (मायसा, दुआ, ताल्लो, उप्पात, लिमा) अशी वाटणी आहे. मग तुम्ही म्हणायचं 'नाङिना!' म्हणजे महाग. घासाघीस करण्याला 'तावार' म्हणतात आणि ती हसत हसत करायची असते. जमलं तर 'नालाका', स्वस्त. याच शब्दाचा दुसरा अर्थ 'सोपं'.

'नाङिना'च्या पोटात तोच 'ङिना' आहे, किंमत. आणि त्याच 'ङिना'पासून जुन्या पिढीचे आभार तयार होतात: 'द्योस ती आग्ङिना.' म्हणजे, याचं मोल देव चुकवेल. रोजच्या वापरात 'आग्यामानाक' चालतं, थँक यू म्हणून. त्यात शेवटचा 'आक' म्हणजे 'मी'. पण बरणी वर्तमानपत्रात गुंडाळून, वर दोरी बांधून, बसमध्ये फुटू नये म्हणून चार सूचना देणाऱ्या आजीबाईंना 'आग्यामानाक' पुरत नाही. तिथं देवालाच मध्ये आणावं लागतं.

'प्लीज'लाही असंच. 'पाङ्ङाआसिम' याचा शब्दशः अर्थ 'तुझी दया'. ऐकून वाटलं, किती जुनाट! मग लक्षात आलं, आपलं 'कृपया' तरी दुसरं काय आहे?

सगळ्या फिलिपिन्समध्ये इलोकानो माणसाच्या कंजूषपणावर विनोद चालतात. आपल्याकडे एका विशिष्ट शहरावर आणि एका विशिष्ट पेठेवर चालतात, तसेच. पण इलोकानोत दोन वेगळे शब्द आहेत. 'नाइमुत' म्हणजे चिकट, आणि 'नासालिमेतमेत' म्हणजे काटकसरी. पहिला शब्द शिवीसारखा लागतो, दुसरा कौतुकासारखा. डोंगर आणि समुद्राच्या मधल्या चिमूटभर जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या घर चालवायचं, तर दुसरा शब्द अंगी बाणवावाच लागतो.

ताटातले नातेवाईक

'नाइमास' म्हणजे चविष्ट. हा शब्द पहिल्या घासानंतर म्हणायचा, मोठ्यानं.

इलोकोसची सही म्हणजे 'पिनाकबेत'. कारली, वांगी, भेंडी, टोमॅटो आणि चवळीच्या शेंगा एकत्र मंद शिजवायच्या, अगदी सुरकुतेपर्यंत. नावाचा अर्थच 'आक्रसलेलं'. पूर्वीच्या बायका यात डाव घालत नसत, भांडंच उचलून हलवत. चव येते ती 'बुग्गुओंग'नं, म्हणजे खारवून आंबवलेल्या माशांच्या रसानं. सुकटीवर वाढलेल्यांना हा वास पाच मिनिटांत आवडतो. बाकीच्यांना थोडा वेळ लागेल.

भाजीबाजारात तर मी मोठ्यानं हसले. 'मारुंगाय'ची जुडी उचलली, तर शेवग्याचा पाला! 'कातुदाय' म्हणून पांढरी फुलं दिसली, तर आपला हदगा! दोन्हींची भाजी तिथंही होते, आणि खाताना 'डोळ्यांना चांगलं' असं सांगणारी आजी तिथंही असते. विगान हे नावही 'बिगाआ' या झाडावरून आल्याचं सांगतात. तो आपल्या अळूचाच दांडगा भाऊ.

भाताची तर वेगळी वंशावळ आहे. शेतातला आणि टरफलासकट असलेला तो 'पागाय', सडलेला पण न शिजवलेला 'बागास', आणि शिजून वाफाळणारा 'इन्नापुय'. आपलं साळ, तांदूळ, भात! भांड्याच्या बुडाला लागलेला खरपूस थर 'इत्तिप', आणि कालचा उरलेला भात 'किलाब्बान'. ज्या भाषेत शिळ्या भाताला स्वतःचं नाव आहे, त्या घरात तो फेकला जात नाही, हे वेगळं सांगायला नको.

शाकाहारी मंडळींसाठी जीव वाचवणारं वाक्य: 'आवान ती कार्नेना', यात मांस नाही (आणि प्रश्नार्थक सुरात म्हटलं, तर 'यात मांस नाही ना?'). प्लाझा बुर्गोसच्या कडेच्या स्टॉलवर तांदळाच्या पिठाची कुरकुरीत एम्पनाडा मिळते, आत कच्ची पपई, अंडं आणि लसणीचं सॉसेज. सॉसेजशिवायही करून देतात. मांसाहारींनी 'बाग्नेत' हे कुरकुरीत तळलेलं पोर्क चुकवू नये.

सोबत 'बासी' मागवा, उसाच्या रसाची दारू. ही नुसती दारू नव्हे, इतिहास आहे. स्पॅनिश सरकारनं १७८६ साली घरगुती बासी गाळायला बंदी केली आणि लोकांना सरकारी दुकानातून विकत घ्यायला लावली. १८०७ मध्ये इलोकानो शेतकऱ्यांनी त्यावरून चक्क बंड केलं. ते चिरडलं गेलं. एस्तेबान विल्यानुएवा या चित्रकारानं १८२१ साली त्या बंडाची चौदा चित्रं काढली आणि ती विगानच्या संग्रहालयात आहेत. शेवटच्या चित्रांपर्यंत जाताना घोट गिळवत नाही.

'इलिव' नावाचं दुखणं

माझा सगळ्यात आवडता शब्द: 'इलिव'. घराची, गावाची, माणसाची ओढ. आठवण आणि हुरहूर यांच्या मधलं काहीतरी. 'माइलिवाक केन्का' म्हणजे मला तुझी फार आठवण येते. 'इली' म्हणजे गाव, आणि गावचा माणूस तो 'काइलियान'. मुंबईत अनोळखी गर्दीत कुणी 'गाववाले!' म्हणून हाक मारतो, तेव्हा पोटात जे होतं, ते म्हणजे काइलियान.

हे दोन शब्द या भाषेत इतके ठसठशीत का, याचं उत्तर भूगोलात आहे. जमीन थोडी, माणसं जास्त. त्यामुळे इलोकानो माणूस सतत निघालेला. आधी डोंगर ओलांडून कागायानच्या खोऱ्यात, मग मिंदानावला, मग थेट समुद्रापार. २० डिसेंबर १९०६ रोजी 'डोरिक' बोटीनं पंधरा फिलिपिनो मजूर हवाईला उतरले, उसाच्या मळ्यात राबायला. त्यांच्यामागून हजारो गेले, त्यात इलोकानो भरपूर. कॅलिफोर्नियाच्या शेतांत राबणाऱ्या त्या पहिल्या पिढीला आजही 'मानोंग' म्हणतात, मोठे दादा. १९६५ च्या डेलानोच्या द्राक्षमजुरांच्या संपाचे एक पुढारी लॅरी इतलियोंग हे त्यांच्यातलेच. आज हवाई विद्यापीठात इलोकानो शिकवली जाते. शिकणाऱ्यांत मळ्यात राबलेल्यांची नातवंडं-पतवंडं असतात, आजीची भाषा नव्यानं गिरवणारी. आपल्याकडची घाटमाथ्यावरची आणि कोकणातली माणसं मुंबईच्या गिरण्यांत आली, त्याच काळातली ही गोष्ट.

मग आता 'पापानाम?' आणि 'नाग्गापुआम?' हेच नमस्कार का, तेही कळतं. जिथं प्रत्येक घरातलं कुणीतरी निघालेलं असतं, तिथं 'कुठं निघालास' आणि 'कुठून आलास' यापेक्षा मोठा प्रश्न नसतो.

आजी एका भाषेत, नातू दुसऱ्या

मी ज्या घरात राहिले, तिथली आजी नातवाशी इलोकानोत बोलायची. सात वर्षांचा नातू उत्तर द्यायचा टागालोगमध्ये, आणि हट्ट करायचा इंग्रजीत. कार्टून इंग्रजी, टीव्ही मालिका टागालोग. आजीला दोन्ही कळायचं, त्यामुळे घरात अडायचं काहीच नाही. पण 'इत्तिप' आणि 'किलाब्बान' या शब्दांचं पुढे काय होणार, याचं उत्तर त्या स्वयंपाकघरात कुणाकडे नव्हतं.

तसं या भाषेला कमी काहीच नाही. विगानच्या लेओना फ्लोरेन्तिनो (१८४९-१८८४) या कवयित्रीनं इलोकानोत आणि स्पॅनिशमध्ये लिहिलं, तेही बायकांनी लिहू नये अशा काळात. 'बान्नावाग', म्हणजे पहाट, हे इलोकानो नियतकालिक १९३४ पासूनचं. ला युनियन प्रांतानं २०१२ साली इलोकानोला अधिकृत भाषेचा दर्जा दिला. त्याच सुमारास देशभर पहिल्या इयत्तांत मातृभाषेतून शिकवायला सुरुवात झाली आणि निवडलेल्या बारा भाषांत इलोकानो होती. पण १० ऑक्टोबर २०२४ ला नवा कायदा आला आणि बालवर्ग ते तिसरीपर्यंतची मातृभाषेची सक्ती संपली. माध्यम पुन्हा फिलिपिनो आणि इंग्रजी. वर्गात सगळ्यांची भाषा एकच असेल, तरच तिचा पर्याय उरला.

तारीख बघून मी चमकले. त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, ३ ऑक्टोबर २०२४ ला, केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला होता. आपण पेढे वाटले. पण खरं सांगा, दर्जा मिळाला म्हणून आपल्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये मराठी मुलं एकमेकांशी मराठीत बोलायला लागली का? त्या आजीच्या स्वयंपाकघरात बसून हा प्रश्न मला जास्त टोचला. भाषा दर्जानं टिकत नाही आणि नुसत्या कायद्यानं मरतही नाही. ती टिकते 'जेवलास का?' या प्रश्नाला त्याच भाषेत उत्तर आलं तर.

मागे राहू नकोस

इलोकानो समजुतीनुसार माणसाला एकच आत्मा नसतो. त्यातला एक, 'कार्कार्मा', फार हळवा. घाबरला की शरीर सोडून तिथंच राहतो, किंवा एखाद्या जागेत रमला की परत यायला विसरतो. मग माणूस घरी पोचतो खरा, पण आजारी, हरवल्यासारखा. म्हणून समुद्रावरून, रानातून, नदीवरून निघताना जुनी माणसं मागे वळून हाक देतात: 'इन्तायोन, इन्तायोन!' चला, निघू या आपण. ही हाक बरोबरच्या माणसांना नसते, स्वतःच्या आत्म्याला असते. आणि त्यातही 'तायो' असतो, आपण!

बांगुईच्या किनाऱ्यावर पवनचक्क्यांची रांग उभी आहे. तिथून निघताना एका आजोबांनी लहानग्या नातीला कडेवर घेऊन ही हाक दिली. नात खिदळत त्यांच्यामागून ओरडली, 'इन्तायोन!' शुद्ध इलोकानोत.

शिक्षणासाठी, नोकरीसाठी आपण सगळेच कुठून ना कुठून निघालेले. बॅग भरताना चार्जर, लॅपटॉप, पासपोर्ट तीन-तीनदा तपासतो. त्यात या हाकेचीही भर घालायला हरकत नाही.

खिशात ठेवा

कुमुस्ता का? : कशी आहेस? कसा आहेस?
नासायाआत : छान
आनिया ती नागानमो? : तुझं नाव काय?
आग्यामानाक : आभारी आहे
आवान ती आनियामानना : त्यात काय एवढं!
दिस्पेन्सारेम : माफ करा
बास्सित लाएंग : थोडंसंच
आद्दा / आवान : आहे / नाही
आग्पाकादाआकोन : येते हं, येतो हं

कसं जाल : मनिलाहून विगान आणि लाओआगसाठी रात्रीच्या बस आहेत, विगानला आठ ते दहा तास. विगानहून लाओआग साधारण ८० किलोमीटर. वाटेत पाओआयचं भक्कम दगडी चर्च जरूर पाहा, तेही १९९३ पासून जागतिक वारसा यादीत आहे. जून २०२५ मध्ये फिलिपिन्सनं भारतीय पर्यटकांना १४ दिवस व्हिसाशिवाय प्रवेश द्यायला सुरुवात केली. निघण्याआधी ताजे नियम बघून घ्या.

कधी जाल : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी आणि त्यातल्या त्यात गार. पावसाळ्यात वादळांची भीती असते.